फोनच्या चुकीच्या टोकाला

नंबर काढणं वेगळं आणि डोळा तपासणं वेगळं, हे मला कॉलेजच्या परीक्षेत व्यवस्थित लिहिता येत होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चष्म्याचं दुकान टाकलं आणि रोजच्या गर्दीत हा फरक माझ्याच हातून पुसट होत गेला. त्याची किंमत दुसऱ्यांच्या डोळ्यांनी मोजली. आता फोनवरून, स्क्रीनवरून डोळे तपासायचे दिवस आले आहेत आणि माझ्यासारखे ऑप्टोमेट्रिस्ट गावोगावी बसले आहेत. मी घसरले ती जागा त्यांना आधीच दिसावी, आणि चष्म्यासाठी दुकानाची पायरी चढणाऱ्यांनाही आपण कोणाला काय विचारावं हे कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

माझी ऑप्टोमेट्रीची पदवी चार वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. चष्म्याचा नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, लहान मुलांचा आळशी डोळा ओळखणं, डोळ्याचा दाब मोजणं, आणि मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या आजाराची शंका आली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणं, हे आमचं काम. औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया करणं डॉक्टरचं. पण मी पास झाले तेव्हा आमच्या व्यवसायासाठी केंद्राचा कायदाच नव्हता. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट, सगळ्यांना आपापली परिषद होती, नोंदणी क्रमांक होता. आमच्याकडे चार वर्षं शिकलेला आणि एखाद्या दुकानात उमेदवारी करून नंबर काढायला शिकलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच. लोक दोघांनाही डॉक्टर म्हणायचे. मलाही म्हणायचे, आणि मी कधी कोणाला अडवलं नाही.

आपल्यासाठी कायदा नाही म्हणजे आपल्याला मर्यादाही नाही, असं मी मनाशी धरून चालले. पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. मर्यादा होती, ती दुसऱ्या कायद्यांत लिहिलेली होती. महाराष्ट्राचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकी करू देत नाही. औषधांच्या १९४५ च्या नियमांतलं शेड्यूल एच सांगतं, की त्यातली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. १९९६ साली पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. तिथे होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. जे शास्त्र आपण शिकलो नाही त्यातलं औषध देणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय. यातलं काहीही मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. कोणी वाचू दिलं नाही असंही नाही. मला गरज वाटली नाही.

मग मार्च २०२० उजाडला. एसटी बंद, गावाच्या वेशीवर काटे आणि बांबू, दुकानाला कुलूप. फोन मात्र दिवसभर वाजायचा. चष्म्याची काडी मोडली इथपासून डोळ्यांतून पाणी येतंय इथपर्यंत सगळं लोक मलाच विचारायचे. मी व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचे आणि सल्ला द्यायचे. सल्ल्याचे शंभर रुपये घ्यायचे, ते ऑनलाइन यायचे. लोकांची सोय होते आहे याचं समाधान होतं. ते खोटं नव्हतं, पण त्याच समाधानामुळे मी स्वतःला प्रश्न विचारले नाहीत.

एप्रिलमध्ये जवळच्या वाडीवरून एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान माझे जुने गिऱ्हाईक, वयाने थोडे मोठे. त्यांना मी दादा आणि त्या बाईंना वहिनी म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. "म्याडम, ह्यांच्या डोळ्याला उसाचं पान लागलंय. खोडव्यात पाचट ओढत होते. डोळा उघडंना झालाय." मी फोटो पाठवायला सांगितलं. फोटो आला. पापणी सुजलेली, बुबुळाभोवतीचं पांढरं लालबुंद, आणि काळ्या भागावर मोबाईलच्या टॉर्चचा पांढरा ठिपका चमकत होता. त्या ठिपक्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी तो उजेडाचा ठिपका म्हणून सोडून दिला.

मी त्यांना एका थेंबांचं नाव लिहून पाठवलं, दिवसातून चार वेळा घाला म्हणाले. त्यात प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर हे थेंब नेहमी लिहून देतात. माझ्या दुकानात चष्म्याला येणाऱ्या कित्येकांच्या हातात मी ती चिठ्ठी पाहिली होती. लाली उतरवणारं औषध, एवढीच माझी समजूत. औषधाच्या दुकानानेही माझा मेसेज पाहून बाटली दिली.

उसाचं, भाताचं, मक्याचं पान डोळ्याला लागलं की त्याबरोबर बुरशी आत जाऊ शकते, हे मी शिकलेली होते. बुरशीच्या जखमेवर स्टेरॉइड घातलं की शरीराची लढाई मंदावते. लाली कमी होते, ठणका कमी होतो, रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशी निवांत आत पसरते. तसंच झालं. दोन दिवसांनी वहिनींचा आवाज मोकळा होता, "लाली उतरली बघा." मी थेंब चालू ठेवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ठणका सुरू झाला आणि बुबुळावर पांढरट डाग दिसू लागला. या वेळचा फोटो पाहून माझे हात गार पडले. पांढरा ठिपका आधीच्या फोटोत होता तिथेच होता, आता टॉर्चचा उजेड नसतानाही.

मिरजेच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात मी फोन केला, पोलीस पाटलांकडून गाडीची सोय केली. डॉक्टर मॅडमनी जखमेवरचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी निघाली. नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले, तासातासाला, रात्रीसुद्धा. कित्येक आठवड्यांनी जखम भरली, पण बाहुलीवर फूल राहिलं. त्या डोळ्याने दादांना समोर धरलेली बोटं मोजता येतात, त्यापलीकडे काही दिसत नाही.

दादांना मिरजेला नेलं त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी मला फोनवर विचारलं होतं, "स्टेरॉइड कोणी दिलं?" मी म्हणाले, "मेडिकलमधून घेतले असतील." बाटली त्यांच्या हातात होती, त्यामुळे माझ्या खोटेपणाने उपचार चुकले नाहीत. पण दोष औषधाच्या दुकानावर गेला, थोडा दादांच्या अज्ञानावर गेला आणि मी वेळेवर पाठवणारी भली म्याडम ठरले. घरी पोचल्यावर वहिनींनी माझे आभार मानले. ते मी ऐकून घेतले.

या सगळ्यातून मी धडा घेतला, पण तो अगदी सोयीचा होता: पुन्हा औषधाचं नाव सांगायचं नाही. बाकी काही तपासून पाहिलं नाही. म्हणून दुसरी चूक झाली.

२०२१ मध्ये मला चष्म्यांच्या एका मोठ्या व्यापारी साखळीकडून काम मिळालं. त्यांच्या लांबलांबच्या दुकानांत नंबर काढायचं यंत्र असायचं, गिऱ्हाईक त्यासमोर बसायचं, आणि मी माझ्या खोलीतून स्क्रीनवर त्याच्या डोळ्यांसमोरची भिंगं बदलायची. "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" विचारत नंबर ठरवायचा. यंत्र चांगलं होतं, नंबर बरोबर यायचे. औषधाचा संबंध नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. गिऱ्हाइकाजवळ असायचा तो विक्रीचा मुलगा. डोळ्याचा दाब मोजायचं, आतला पडदा पाहायचं साधन तिथे नव्हतं.

एक हॉटेलवाले गृहस्थ आले, पन्नाशी ओलांडलेले. खुशीत होते. "मॅडम, मला आता चाळिशीचा चष्मा लागत नाही. पेपर तसाच वाचता येतो. लांबचं मात्र धूसर झालंय." हे वाक्य ऐकल्यावर ऑप्टोमेट्रिस्टने थांबायला हवं. त्या वयात जवळचा चष्मा अचानक सुटतो त्यामागे बहुधा मोतीबिंदू सुरू झालेला असतो किंवा रक्तातली साखर वाढलेली असते. साखर वाढली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं आणि नंबर उणेकडे सरकतो. समोर बसले असते तर मी त्यांचं औषधपाणी विचारलं असतं, पडदा पाहिला असता. स्क्रीनवर पुढचं गिऱ्हाईक ताटकळलेलं दिसत होतं. मी उणे नंबर दिला. चष्मा तयार झाला, त्यांची वाढलेली साखर औषधाने खाली आली आणि तोच चष्मा निरुपयोगी ठरला. ते भांडायला दुकानात आले तेव्हा कुठे मला कळलं, की मधल्या काळात एका डॉक्टरांनी त्यांचा पडदा पाहिला होता आणि त्यावर मधुमेहाचे रक्तस्राव होते. मी त्यांचे डोळे तपासले आहेत या समजुतीने ते तोवर डॉक्टरकडे जायला उशीर करत होते. माझ्या कागदावर 'तपासणी' असा शब्द छापलेला होता, त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये काम करते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इथे असं करता येत नाही गं." तिथे १९८९ च्या कायद्याने नजरेची तपासणी नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टरच करू शकतो, आणि जो नंबर काढतो त्याने डोळ्याची बाहेरची बाजू आणि आतला पडदा त्याच वेळी पाहायचा असतो. तपासणी संपताच नंबर लेखी द्यायचा, आणि पुढे डॉक्टरकडे पाठवतो आहे की नाही तेही लिहून द्यायचं. चष्मा मग गिऱ्हाईक कुठेही बनवो. हे ऐकताना मला माझी आणखी एक सवय आठवली. मी नंबर दुकानाच्या कार्डावर लिहून कार्ड माझ्याकडेच ठेवायचे, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.

मग मी बसून नियम वाचले. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ची आहेत, देश बंद झाला त्याच तारखेची. म्हणजे मी दादांचा फोटो उघडला तेव्हा ती प्रसिद्ध झालेली होती. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत. दूर बसून निदान करायचा आणि औषध द्यायचा अधिकार त्यात फक्त त्यांना आहे, आणि त्यांच्यावरही बंधनं आहेत. डॉक्टर कोण आणि रुग्ण कोण हे दोघांना माहीत हवं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत, दुसऱ्याने सुरुवात केली तर स्पष्ट संमती घ्यायची. मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटलेली हवी. नोंदी जपायच्या. सल्ला किंवा चिठ्ठी कृत्रिम बुद्धिमत्तेने परस्पर द्यायची नाही. डोळे आल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब पहिल्याच भेटीत द्यायचे, तर डॉक्टरनेही ते निदान व्हिडिओवर केलेलं हवं. आणि समोर तपासल्याशिवाय कळणार नाही असं वाटलं, तर रुग्णाला बोलावून घ्यायचं. मी एका फोटोवर स्टेरॉइड दिलं होतं.

पण मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते आरोग्य कर्मचाऱ्याबद्दलच्या भागाने. नर्स, संलग्न आरोग्य व्यावसायिक, एएनएम अशा प्रशिक्षित माणसाने रुग्णाजवळ बसायचं, त्याची तपासणी करायची, आणि जे सापडलं ते दूरच्या डॉक्टरपुढे मांडायचं, अशी व्यवस्था त्यात लिहून ठेवली आहे. माझी जागा ती होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची खेड्यांतली दृष्टिकेंद्रं २००४ पासून याच पद्धतीवर उभी आहेत: गावात प्रशिक्षित तंत्रज्ञ हातात साधनं घेऊन रुग्णासमोर बसलेली, आणि व्हिडिओवर रुग्णालयातले डॉक्टर. मी तोवर उलट टोकाला बसत आले होते. ज्या कामासाठी माझे हात आणि माझी यंत्रं उपयोगी आहेत ते सोडून, मला ज्याचा अधिकारही नाही आणि शिक्षणही नाही त्या खुर्चीत.

तेव्हापासून स्क्रीनवरचं काम सोडलं. मिरजेच्या डॉक्टर मॅडमना भेटून सगळं खरं सांगितलं. त्या काही वेळ गप्प होत्या. मग डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राबद्दल म्हणाल्या, "स्लिट लॅम्पला मोबाईल जोडून चित्रं पाठवता येतील का तुम्हाला?" आमची आजची पद्धत त्यातून सुरू झाली. डोळा लाल झालेला माणूस आला, की आधी नजर मोजते. मग फ्लोरेसिन या रंगाची पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवते आणि निळा उजेड टाकते. बुबुळाला ओरखडा किंवा जखम असेल तर तिथे हिरवा डाग चमकतो. काठ पिसासारखे फाटलेले आहेत की गोल, ते व्हिडिओवर मॅडमना दिसतं. औषध त्या ठरवतात, चिठ्ठीवर त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. हिरवा डाग दिसला आणि कारण शेतातलं असलं, तर थेट मिरजेला पाठवायचं, हे ठरलेलं आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हा लोक फोनवरच थेंबांचं नाव मागत होते. "दुकानात या, नाही जमलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा," एवढंच मी सांगत राहिले. काही जण रागावले.

नंबर आता प्रत्येकाला लिहून देते. प्रत्येक तपासणीची नोंद ठेवते. जुन्या फोनमधले लोकांचे डोळ्यांचे आणि चेहऱ्यांचे फोटो पुसून टाकले. यातले काही मी नावासकट व्यवसायबंधूंच्या ग्रुपवर मत विचारायला टाकलेले होते, कोणाचीही परवानगी न घेता. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला तेव्हा त्यावरच्या चर्चेत ही चूक माझ्या लक्षात आली. लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं तो कायदा म्हणतो. त्या ग्रुपवर लहान मुलांचेही चेहरे होते.

एवढं बदललं म्हणजे माझा हिशेब मिटला, असं मला बराच काळ वाटत होतं. दादांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. शेवटी २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांच्या वाडीवर गेले आणि थेंब मी सांगितले होते, ते सांगायचा मला अधिकार नव्हता आणि डॉक्टरांशी मी खोटं बोलले, हे दोघांसमोर बोलले. थेंब मी सांगितले हे त्यांना माहीतच होतं. ते चूक होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दादांनी एकच विचारलं, "मग तवा डॉक्टरांना का नाही सांगितलंसा?" माझ्याकडे भीतीशिवाय दुसरं उत्तर नव्हतं, तेच दिलं.

जाण्याआधी मी एका वकिलांना भेटले होते. शंभर रुपये फी घेतली होती, त्यामुळे ग्राहक आयोगात तक्रार करायचा दादांना हक्क होता. २०१९ च्या कायद्यात त्याला दोन वर्षांची मुदत आहे. कोरोनाकाळाची न्यायालयाने दिलेली सूट धरूनही ती मुदत उलटली होती. सबळ कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो आणि माझं गप्प राहणं हेच ते कारण आहे, तसं मी लिहून देईन, असंही मी दादांना सांगितलं. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. बुबुळ रोपणासाठी नेत्रपेढीच्या यादीत त्यांचं नाव आहे आणि खर्चाची जबाबदारी मी घेतली आहे. त्यांची मुलगी चष्म्यासाठी माझ्याकडे येते, ते स्वतः येत नाहीत. चूक दडवली की माणसाचा डोळाच जातो असं नाही, दाद मागायचा त्याचा हक्कही जातो, हे मला त्या वकिलांच्या टेबलाशी बसून कळलं.

दरम्यान २०२१ मध्ये आमच्यासाठीही, म्हणजे संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्टचं नाव आहे; शिक्षणाचा दर्जा, राज्य परिषदा, नोंदणीपट, सगळ्याची तरतूद आहे. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून दिली. आमच्यातल्या अनेकांना हा कायदा म्हणजे आता डॉक्टरांच्या बरोबरीने बसायची संधी वाटते. मला तो आपल्या कामाची हद्द लेखी मिळण्याचा मार्ग वाटतो, आणि ती हद्द मला हवी आहे.

परिषदा दूरस्थ तपासणीचे नियम लिहायला बसतील तेव्हा माझं मागणं एवढं आहे. नंबर दुरून काढायला हरकत नसावी, पण रुग्णाजवळ दाब मोजणारा आणि पडदा पाहू शकणारा प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय त्याला डोळ्यांची तपासणी म्हणू देऊ नये. फक्त नंबर काढला असेल तर कागदावर ठळक छापावं: डोळ्याचा आजार तपासलेला नाही. तोवर हे काम ज्याने त्याने स्वतः करायचं आहे. माझ्या दुकानात आता कार्डाच्या वरच्या बाजूला तेच वाक्य छापलेलं असतं, आणि पडदा व दाब पाहून झाल्यावरच मी ते सहीने खोडते. तुम्ही कुठेही नंबर काढायला गेलात, तर उठण्यापूर्वी विचारा: डोळा आतून पाहिला का, आणि कोणी पाहिला? जो उत्तर द्यायला कचरेल, त्याच्याकडून फक्त चष्मा घ्या. डोळे दुसरीकडे दाखवा.